गव्हर्नर आल्टगेल्ड आणि त्याची एक सही



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला बोलावणे पाठविले तेव्हा 'कामगार कायदे' या विषयावर बोला, असे सुचविले होते. कायद्याची कलमे आम्हांला पाठ आहेत. पण वैशाखातल्या संध्याकाळी आपण कामधाम उरकून येथे येऊन बसावे आणि आम्ही आपल्यापुढे कलमे वाचावीत, हे मनाला बरे वाटेना. म्हणून आम्ही विषय बदलून मागितला आणि त्यांनी तो उदारपणे दिला. आज आम्हांला एका माणसाची गोष्ट सांगावयाची आहे. माणूस अमेरिकेतला, काळ सव्वाशे वर्षांपूर्वीचा. पण गोष्ट ऐकल्यावर तो फार लांबचा वाटणार नाही, अशी आमची खात्री आहे.

आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. १९८२ सालच्या मुंबईच्या गिरणीसंपात वडिलांची नोकरी गेली आणि तिच्यामागोमाग आमची शाळाही गेली. पुढे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, नगरवाचनालयाच्या बाकावर आणि एका फाटक्या शब्दकोशाच्या आधाराने झाले. तेव्हा भाषणात काही उणे राहिले तर ते आमच्या पदरात घालावे.

दरसाल एक मे रोजी आम्ही कारखान्याच्या फाटकावर सभा घेतो. झेंडा चढवितो आणि शिकागोची हकीकत सांगतो. आठ तासांच्या मागणीसाठी झालेला संप, हेमार्केट चौकातला बाँब, खटला आणि ११ नोव्हेंबर १८८७ ची फाशी. येथे आमची गोष्ट संपत असे. एका वर्षी सभा आटोपल्यावर एक म्हातारा फिटर आमच्याजवळ आला आणि म्हणाला, "भाऊ, आरोपी आठ होते म्हणालात. चौघे फासावर गेले, एकाने कोठडीत जीव दिला. हे झाले पाच. उरलेले तिघे कुठे गेले?" आम्ही वीस वर्षे ती गोष्ट सांगत होतो आणि आमच्यापाशी उत्तर नव्हते! त्या तिघांचा शोध घेता घेता आम्हांला जॉन पीटर आल्टगेल्ड भेटला.

आल्टगेल्डचा जन्म ३० डिसेंबर १८४७ चा, जर्मनीतल्या एका खेड्यातला. पुढच्याच साली आईबापांनी त्याला घेऊन अमेरिका गाठली. ओहायो राज्यात मॅन्सफील्ड गावाजवळ ते शेतीवर राबू लागले. पोराने नांगर धरावा, पुस्तकांचे खूळ कशाला, असे बापाचे मत. हे मत आपल्याकडच्या बापांना काही नवे नाही. सोळाव्या वर्षी हा पोरगा यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात भरती झाला आणि तापाने मरता मरता वाचून परत आला. घरच्यांचा विरोध पत्करून शिकला, काही काळ मास्तरकी केली. एका मुलीवर जीव जडला. पण मुलीच्या बापाला हा कफल्लक जावई पसंत पडेना. तेव्हा १८६९ च्या सुमारास तो घर सोडून पश्चिमेकडे निघाला. बराचसा पायीच! वाटेत मिळेल ते काम केले. रेल्वेच्या सडकेवर माती उपसली, पुन्हा ताप आला, पुन्हा वाचला. शेवटी मिसूरी राज्यातल्या सव्हाना गावी त्याने कायद्याचा अभ्यास केला आणि वकिली सुरू केली. १८७४ साली तेथल्या शेतकरी चळवळीच्या पाठिंब्यावर तो जिल्ह्याचा सरकारी वकील म्हणून निवडून आला. पण त्याची नजर शिकागोवर होती. १८७५ साली ओळखदेख नसताना तो त्या शहरात जाऊन पोहोचला. दोन वर्षांनी त्याच मुलीशी त्याचे लग्न झाले.

येथपर्यंतची गोष्ट गरिबाचा पोर श्रीमंत झाला, अशा थाटाची आहे. आणि तो श्रीमंत झालाही. शिकागोत जमिनीच्या खरेदीविक्रीत त्याने पैसा मिळविला आणि मोठमोठ्या इमारती उठविल्या. रूपाने साधा, वरचा ओठ जन्मतः दुभंगलेला, बोलणे त्यामुळे किंचित अडखळते. पण जिद्द अशी की, लोक त्याचे बोलणे कान देऊन ऐकत. मात्र सडकेवर माती उपसलेले दिवस तो विसरला नाही. १८८४ साली त्याने एक लहानसे पुस्तक लिहिले. 'आमची दंडयंत्रणा आणि तिचे बळी' असे त्याच्या नावाचे मराठी करता येईल. तुरुंगात जाणारा माणूस बहुतेक वेळा कोण असतो? गरीब, बेघर, दंडाची रक्कम भरता न आल्यामुळे आत गेलेला. तुरुंग त्याला सुधारीत नाही, अधिकच बिघडवितो, असा त्या पुस्तकाचा मुद्दा होता. आल्टगेल्डने पदरमोड करून त्याच्या प्रती वाटल्या. त्यांतली एक ओहायोतल्या एका तरुण वकिलाच्या हाती पडली आणि तोही पुढे शिकागोत आला. त्याचे नाव क्लॅरेन्स डॅरो. मजुरांचा कैवारी वकील म्हणून पुढे त्याचे नाव जगभर झाले.

आता हेमार्केटकडे वळू.

१८८४ च्या ऑक्टोबरात शिकागोला अमेरिकन कामगार संघटनांची परिषद भरली आणि १ मे १८८६ पासून कामाचा दिवस आठ तासांचा धरावा, असा ठराव झाला. त्याच्याच आदल्या महिन्यात आपल्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या होत्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला होता, हे आपण ध्यानात घ्यावे. आमच्या लोकांची मागणी काय होती? आठवड्यातून रविवारची सुटी मिळावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे! तिकडे आठ तासांची मागणी, इकडे सूर्यास्ताची. रविवारची सुटी मुंबईच्या गिरण्यांत १८९० साली मिळाली. अंतर मोठे होते, पण दुखणे एकच होते.

१ मे १८८६ ला शिकागोत हजारो मजूर रस्त्यावर उतरले. ३ तारखेला मॅकॉर्मिकच्या यंत्रांच्या कारखान्यापाशी पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसे मेली. त्याच्या निषेधासाठी ४ तारखेला रात्री हेमार्केट चौकात सभा झाली. शहराचे महापौर कार्टर हॅरिसन स्वतः सभेला जाऊन आले आणि सभा शांततेची आहे, असे पोलिसांना सांगून घरी गेले. पाऊस येऊ लागला, लोक पांगू लागले. शेवटचा वक्ता सॅम्युएल फील्डन बोलत होता. तेवढ्यात बॉनफील्ड नावाचा पोलीस अधिकारी पावणेदोनशेच्या आसपास शिपाई घेऊन सभा मोडावयास आला; आणि कोणीतरी बाँब फेकला. त्यात आणि नंतरच्या गोळीबारात सात पोलीस दगावले. मजूरही मेले, त्यांची नीट मोजदाद कोणी ठेवली नाही. बाँब फेकणारा कोण, हे आजतागायत सिद्ध झालेले नाही.

पण कोणाला तरी फासावर चढविल्याशिवाय शहराला झोप येईना. आठ माणसे धरली गेली : स्पाइज, पार्सन्स, फिशर, एंगेल, लिंग, श्वाब, फील्डन आणि नीबे. बाँब यांपैकी कोणी फेकला, असे सरकारचेही म्हणणे नव्हते. त्यांच्या लेखांनी आणि भाषणांनी चिथावणी मिळाली, एवढ्यावर खटला उभा राहिला. सुक्याबरोबर ओले जळते म्हणतात. येथे तर सुके सापडलेच नव्हते. सातांना फाशीची शिक्षा आणि नीबेला पंधरा वर्षांची कैद झाली. शेवटच्या क्षणी तेव्हाच्या गव्हर्नरने फील्डन व श्वाब यांची फाशी जन्मठेपेवर आणली. लिंगने आदल्या दिवशी कोठडीत जीव दिला. चौघे फासावर गेले.

त्या वेळी आल्टगेल्ड काय करीत होता? हा प्रश्न विचारला पाहिजे. १८८६ सालीच तो शिकागोत न्यायाधीश म्हणून निवडून आला होता. फाशी टळावी म्हणून अर्ज फिरत होते, सभा होत होत्या. पण आल्टगेल्ड जाहीरपणे काही बोलला नाही. आपल्याला आवडणाऱ्या माणसाची ही बाजू झाकून ठेवण्याचा मोह होतो. पण झाकून ठेवणे बरे नव्हे. त्या साली तो मूग गिळून बसला.

मंडळी, हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून ठेवले. कारण आमच्याच खात्यावर अशी एक गोष्ट जमा होती. १९९८ साली आमच्या भागातल्या एका कारखान्यात दोन युनियनांची चुरस होती. एक आमची, एक दुसऱ्यांची. एके दिवशी फाटकावर दगडफेक झाली, एका अधिकाऱ्याचे डोके फुटले. दुसऱ्या युनियनच्या एका माणसावर आळ आला. खात्यांतर्गत चौकशी झाली. ती कशी होते हे येथे बसलेल्या पुष्कळांना ठाऊक आहे. निकाल आधी ठरतो, साक्षी मागाहून बसतात. त्या माणसाला बडतर्फ केले. दगडफेक झाली तेव्हा तो फाटकावर नव्हता, स्टेशनाजवळच्या चहाच्या दुकानात बसलेला होता. आम्ही त्याला आमच्या डोळ्यांनी पाहिले होते. पण तो आमचा नव्हता. त्याची भाषणे आमच्याविरुद्ध असत. आमच्या कमिटीत कोणीतरी म्हणाले, बरी खोड मोडली. आम्ही काही बोललो नाही. पुढे काय झाले ते शेवटी सांगू.

१८९२ साली आल्टगेल्ड इलिनॉय राज्याचा गव्हर्नर म्हणून निवडून आला. परदेशात जन्मलेला पहिला गव्हर्नर आणि यादवी युद्धानंतरचा डेमोक्रॅटिक पक्षाचा पहिलाच. १८९३ च्या जानेवारीत तो अधिकारावर आला. जोलिएटच्या तुरुंगात फील्डन, श्वाब आणि नीबे अजून होते. म्हाताऱ्या फिटरने विचारलेले तिघे ते हेच! आता त्यांना सोडावे असा अर्ज शहरातल्या मोठमोठ्या लोकांनीही केला होता, त्यात पेढीवाले होते, वकील होते. सहा वर्षांत राग निवला होता. दयेचे दोन शब्द लिहून सही केली असती, तर सर्वांनी वाहवा केली असती.

पण आल्टगेल्डने खटल्याचे सगळे कागद मागविले आणि ते स्वतः वाचले. महिने गेले. डॅरोसारख्या मित्रांनी घाई लावली. तेव्हा माफी दिली तर त्या दिवसापासून राजकारणात आपण मेलो, असे तो बोलला, अशी आठवण सांगतात. त्याने प्रश्न असा घातला : हे तिघे अपराधी असतील तर त्यांनी पुरेसे भोगले म्हणून त्यांना सोडण्याचे कारण नाही, आणि निरपराधी असतील तर ही दया नव्हे, तो त्यांचा हक्क आहे. २६ जून १८९३ रोजी त्याने तिघांना संपूर्ण माफी दिली आणि कारणांचे मोठे निवेदन प्रसिद्ध केले. ज्युरी निवडण्याचे काम एका खास बेलिफाकडे सोपविले होते, त्याने आरोपींना फाशी देतील अशीच माणसे पुढे आणली. आमचे मत आधीच झाले आहे, असे सांगणाऱ्यांनाही न्यायाधीश गॅरी यांनी ज्युरीवर बसू दिले. बाँब फेकणाऱ्याचा पत्ताच नाही, मग त्याने यांचे ऐकून बाँब फेकला हे सिद्ध कसे होणार? नीबेविरुद्ध तर पुराव्याच्या नावाने शून्य. आणि न्यायाधीशाचा पक्षपात पानोपानी दिसतो. हे सारे त्याने नावानिशी लिहिले. वर हेही लिहिले की, पोलिसांनी वर्षानुवर्षे मजुरांवर लाठ्या चालविल्या आणि दाद कोठे लागली नाही, त्यातूनच कोणाच्या तरी मनात सूड पेटला असावा.

आल्टगेल्ड त्या तिघांच्या मताचा होता काय? मुळीच नव्हे. ते सरकार नको म्हणणारे, हा स्वतः सरकार. ते मालमत्तेचे वैरी, हा शहरातला मोठा मालमत्तेवाला. त्यांच्या मतांचा प्रश्नच त्याने टाकला नाही. त्याने एवढेच पाहिले की, न्यायाच्या नावाखाली अन्याय झाला आहे आणि तो दुरुस्त करण्याची लेखणी आज आपल्या हाती आहे. १८८७ साली बंद राहिलेले तोंड १८९३ साली उघडले.

मग वादळ उठले. वर्तमानपत्रांनी त्याला अराजकवादी ठरविले, परदेशी म्हणून हिणविले, गावोगाव त्याच्या प्रतिमा जाळल्या. गंमत अशी की, तिघे सुटले याचा राग फारसा नव्हता. तुम्ही खटलाच खोटा ठरविता, याचा राग होता. दया मागणारे दया मिळाली म्हणून खूश झाले असते. न्याय मिळालेला त्यांना सोसवेना.

याच गव्हर्नराच्या कारकिर्दीत १८९३ साली इलिनॉयमध्ये कारखाने-तपासणीचा कायदा झाला. चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात बंदी, स्त्रियांना आठ तासांचा दिवस. मुख्य तपासनीस म्हणून त्याने फ्लॉरेन्स केली या बाईंची नेमणूक केली, तीही अशा काळी, जेव्हा बायकांना त्या देशात सार्वत्रिक मताधिकारही नव्हता. स्त्रियांच्या आठ तासांचे कलम १८९५ साली राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने रद्द केले; कारण काय, तर बायकांच्या करार करण्याच्या स्वातंत्र्यावर त्यामुळे गदा येते! उपाशी बाईचे बारा तास राबण्याचे स्वातंत्र्य. हे स्वातंत्र्य कंत्राटी कामगारांच्या कागदांत आम्ही अजून पाहतो.

१८९४ साली पुलमनचा संप झाला. आगगाडीचे झोपण्याचे डबे बांधणारा जॉर्ज पुलमन. त्याने मजुरांसाठी आपले स्वतःचे गाव वसविले होते. मंदी आली तेव्हा त्याने मजुरी सरासरी चौथ्या हिश्शाने कापली, पण घरभाडे एक पैनेही कमी केले नाही. एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे. मे महिन्यात संप झाला. युजीन डेब्सच्या रेल्वे युनियनने जूनअखेर पुलमनच्या डब्यांवर बहिष्कार घातला आणि शिकागोच्या गाड्या अडल्या. मध्यवर्ती सरकारचे ॲटर्नी जनरल ओल्नी हे स्वतः रेल्वे कंपन्यांचे जुने वकील. त्यांनी कोर्टाचा मनाईहुकूम मिळविला आणि अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी जुलैच्या आरंभी शिकागोत लष्कर उतरविले. गव्हर्नराला विचारलेसुद्धा नाही. आल्टगेल्डने तारेने कडक निषेध केला. राज्याची पलटण तयार आहे, स्थानिक अधिकाऱ्यांनी मागताच आम्ही ती देतो. न मागता दिल्लीने, म्हणजे त्यांच्या वॉशिंग्टनने, फौज धाडणे हे घटनेला धरून नाही, असे त्याचे म्हणणे होते. क्लीव्हलंड त्याच्याच पक्षाचे. तरी तो कचरला नाही. आणि तो आंधळा पक्षपातीही नव्हता. महापौरांनी मागणी करताच त्याने राज्याची पलटण पाठविली. मात्र कंपन्यांच्या मालाची राखण करणे हे शिपायांचे काम नव्हे, अशी त्याची ताकीद असे.

संप मोडला. डेब्स तुरुंगात गेला. ऑगस्टमध्ये आल्टगेल्ड स्वतः पुलमनच्या गावी गेला, घरोघर फिरला, रिकाम्या चुली पाहिल्या. त्याने पुलमनला पत्र लिहून भाडे माफ करण्याची विनंती केली. पुलमनने नकार दिला. तेव्हा गव्हर्नराने जनतेला जाहीर आवाहन करून त्या कुटुंबांसाठी मदत गोळा करविली. संप जिंकणे सोपे नसते, हे आम्ही जाणतो. पण हरलेल्या संपकऱ्याच्या दारात कोण जातो, हे पाहावे. माणसाची पारख तेथे होते.

१८९६ साली क्लीव्हलंड यांची पकड मोडून डेमोक्रॅटिक पक्षाला नव्या वाटेवर नेण्यात आल्टगेल्डचा मोठा हात होता. स्वतः परदेशी जन्माचा असल्याने अध्यक्षपदासाठी त्याला उभे राहता येत नव्हते. ब्रायन उभे राहिले आणि हरले, गव्हर्नरच्या निवडणुकीत आल्टगेल्डही हरला. नव्या गव्हर्नरच्या शपथविधीत मावळत्या गव्हर्नरने निरोपाचे चार शब्द बोलावेत, अशी रीत होती. त्याला तेही बोलू दिले नाहीत. सारी मिळकत मंदीत आणि कर्जात गेली. १८९९ साली शिकागोच्या महापौरपदासाठी उभा राहिला, तेथेही हरला. शेवटी डॅरोच्या कचेरीत पुन्हा वकिली करू लागला. ११ मार्च १९०२ रोजी जोलिएट गावी, ज्या गावच्या तुरुंगातून त्याने ते तिघे सोडविले त्याच गावी, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर लोकांच्या बाजूने त्याने भाषण केले. भाषणानंतर तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. वय चोपन्न. आमच्याच वयाचा. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयात त्याचा देह ठेवला होता, तेव्हा हजारो मजूर रांगा लावून शेवटचे दर्शन घेऊन गेले. व्हेचल लिंडसे नावाच्या कवीने पुढे त्याच्यावर एक कविता लिहिली, तिच्यात त्याला विसरला गेलेला गरुड म्हटले आहे.

बंधुभगिनींनो, आमच्या गोष्टीचा तुकडा राहिला आहे. आल्टगेल्डचे चरित्र वाचले तेव्हा त्या बडतर्फ माणसाचा दावा कामगार न्यायालयात सहाव्या वर्षी रेंगाळत होता. आम्ही त्याच्या वकिलाकडे गेलो आणि साक्ष द्यावयास तयार आहोत, असे सांगितले. आमच्या कमिटीतल्या मंडळींनी पुढे बरेच दिवस आमच्याशी धड शब्द बोलला नाही. साक्ष झाली. त्याला नुकसानभरपाई मिळाली. नोकरी काही परत मिळाली नाही, कारखान्याला तोवर कुलूप लागले होते. कोर्टाच्या पायऱ्यांवर तो आम्हांला म्हणाला, "दादा, आलात ते बरे केलेत. पण सहा वर्षे कुठे होता?" आम्ही मान खाली घातली. फासावर गेलेल्या चौघांनी आल्टगेल्डला हाच प्रश्न विचारला असता. त्यालाही उत्तर देता आले नसते.

म्हणून आम्ही ही गोष्ट आता एक मेच्या सभेत शेवटपर्यंत सांगतो. आपल्या माणसावर अन्याय झाला म्हणजे ओरडणे सोपे आहे. ते आम्ही रोज करतो, पोटापाण्याचाच आमचा तो उद्योग आहे. पण जो आपला नाही, ज्याची मते आपल्याला रुचत नाहीत, त्याच्यावर खोटा आळ आला असता आपण काय करतो, यावर गावाची, पक्षाची आणि युनियनची किंमत ठरते. आपल्यापैकी कोणाच्या हाती गव्हर्नराची लेखणी नाही. पण शाळेच्या कमिटीत, पतपेढीत, सोसायटीत, चौकशीच्या खोलीत केव्हातरी एक सही आपल्यापुढे येते. ती वेळेवर करावी, एवढेच आमचे सांगणे आहे.

तो म्हातारा फिटर आता हयात नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तर आज आम्ही आपणांस दिले.